मधलं पॅकिंग

"यांना सांगा, चावी द्या म्हणावं," बाई मेकॅनिकला म्हणाली. नवरा तिच्या शेजारीच उभा होता.

"हिला सांगा, चावी गाडीलाच आहे," तो म्हणाला.

मेकॅनिकनं हसू दाबलं आणि त्यांच्या लेकीच्या जुन्या गाडीचं इंजिन उघडलं.

"अहो, खालचा ब्लॉक एका कंपनीचा आणि वरचं हेड भलत्याच कंपनीचं! हा जोडा जमवला कुणी?"

"लेकीनं," दोघं एकदमच म्हणाली.

"हुशार आहे पोरगी. दोघांच्या मध्ये स्वतःच्या हातानं कापून पॅकिंग घातलंय. त्याच्या जिवावर दोघं नांदत होती बिचारी. आता तेच जळून गेलंय, म्हणून इंजिन बंद पडलं."

"दुसरं घाला की," नवरा म्हणाला.

"असलं बाजारात कुठलं मिळायला? तिलाच पाठवा, तीच कापेल परत. कधी येईल?"

नवरा मडगार्डवरची धूळ बोटानं पुसत राहिला. बाईनं त्याची बाही धरली आणि थेट त्याच्याशी बोलली.

"तुम्हीच सांगा हो यांना. माझ्यानं नाही सांगवत."