बाळाचे डोळे

‘बाळ, वय सहा महिने. हाताने रंगवलेले छायाचित्र.’ संग्रहालयातली पाटी पोतदारांनी दोनदा वाचली. फोटो काढला तेव्हा बाळ गेलेलं होतं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. जिवंतपणी त्याचा फोटो काढायचा राहून गेला होता. पोतदार तेव्हा स्टुडिओत फोटो रंगवायचे; मालक त्यांना म्हणाले होते, “रंग भर, आणि डोळे उघड त्याचे.”

पोतदारांनी ते डोळे कधी पाहिलेच नव्हते.

“माझा थोरला भाऊ,” प्रदर्शनाला फोटो देणारी बाई शेजारी येऊन म्हणाली. “माझ्या जन्माआधीच गेला. काका, तुम्हीच रंगवलात ना? खरंच असे होते त्याचे डोळे?”

साठ वर्षं लपवलेलं आता पोतदारांना लपवेना. “मला नाही माहीत, ताई. तुमच्या आईला समोर स्टुलावर बसवलं. बिचारी रडत होती, तरी हलली नाही. बाळाला तिचेच डोळे काढले मी. चुकलं असेल तर...”

बाईनं चष्मा पुसला आणि काचेला नाक टेकेल इतकी फोटोच्या जवळ गेली.

मागे न वळता ती म्हणाली, “काका, आईनं स्वतःचा फोटो कधी काढूच दिला नाही.”