निलेशच्या नावानं

"सर, दुसऱ्याच्या नावानं शेवटचा मेसेज कधी पाठवलात?"

प्रश्न पहिल्या रांगेतल्या मुलीचा होता. लोणावळ्याच्या त्या कॉलेजात अतुल दर वर्षी ऑनलाइन फसवणुकीवर बोलायला यायचा. एके काळी हाच अतुल लोकांच्या खात्यांत शिरायचा आणि त्यांच्याच नावानं त्यांच्या नातेवाइकांना गंडवायचा. त्यापायी दोन वर्षं तुरुंगात काढली. आता कान्ह्यात स्टेशनजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि तपास अडला की पोलीस त्यालाच बोलवायचे, वर चहाही पाजायचे.

"आठ वर्षं झाली," अतुल म्हणाला. टाळ्या पडल्या.

खरं तर त्याच सकाळी त्यानं एक पाठवला होता.

दोन वर्षांपूर्वी तिकोणा पेठेहून अंबाजी नावाचे म्हातारे त्याच्या दुकानात आले होते. उभ्यानंच म्हणाले, "माझं पोरगं शोधून द्या. निलेश. चार वर्सं झाली घर सोडून."

"भांडण झालं होतं का, आबा?"

"जमिनीवरनं. धरणाकडची पट्टी त्याला सहलीच्या तंबूवाल्यास्नी द्यायची व्हती. मी म्हनलो, मेलास तरी तोंड दावू नगं. तवापास्नं घास उतरत न्हाई बगा."

अतुलला निलेश आठ दिवसांत सापडला. परराज्यातल्या एका शहराच्या बेवारस मृतांच्या यादीत, फोटोसकट. घर सोडल्यावर वर्षभरातच रस्त्यावर अपघात झालेला. अंत्यसंस्कारही तिथल्या तिथं उरकलेले.

त्यानं अंबाजींना फोन लावला. पलीकडून एकच प्रश्न आला.

"जित्ता हाय न्हवं?"

"हो, आबा."

तोंडातून निघून गेलं. बापाचा शब्द खरा झाला, हे बापाला सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

मग एका खोट्यामागून दुसरं. निलेशचं जुनं खातं उघडणं म्हणजे अतुलच्या डाव्या हातचा मळ. निलेश मालवाहू जहाजावर आहे, तिथं फोन लागत नाही, मेसेज तेवढा जातो, करार संपेपर्यंत सुट्टी नाही. सगळं बैजवार रचलं. अशा रचण्यात तो पूर्वीपासूनच पटाईत.

पहिला मेसेज पोचला तेव्हा अंबाजी एसटीनं पिशवीभर इंद्रायणी तांदूळ घेऊन दुकानात आले आणि वयानं निम्म्या असलेल्या अतुलच्या पाया पडायला वाकले. तो तांदूळ अतुलनं शेजाऱ्यांना वाटून टाकला.

त्यानंतर दर आठवड्याला इकडून निलेशचा मेसेज जायचा, तिकडून बापाचा यायचा. अंबाजींना अक्षरओळख नव्हती. ते सांगायचे, त्यांची बायको बयाबाई लिहायच्या. 'भात सोंगलं. तू नव्हतास म्हणून काही अडलं नाही.' 'जहाजावर झोपा काढत असशील, शेतात तेच करायचास.' असली मायेची खरडपट्टी. अतुल ती पुन्हापुन्हा वाचायचा. त्याचे स्वतःचे वडील त्याला अटक झाली त्या दिवसापासून त्याच्याशी बोलले नव्हते.

गेल्या काही महिन्यांत म्हातारा निवळला होता. टोमणे थांबले. 'वेळेवर जेवतोस ना? वाऱ्याला उभा राहू नको, कानाला बांधत जा.' बापाचा राग असा विरघळलेला पाहून अतुलला बरं वाटायचं, आणि त्याहून जास्त लाज.

टाळ्या थांबल्या तरी त्या मुलीचा प्रश्न मनातून जाईना. दुसऱ्या दिवशी दुकान न उघडता अतुलनं मोटारसायकल काढली. वाटभर तो एकच वाक्य घोकत होता. आबा, निलेश गेला, मी खोटं बोललो. मारलं तर मार खायचा. पण हे आता संपवायचं.

तिकोणा पेठेत घर विचारावं लागलं. ओटीवर बयाबाई तांदूळ पाखडत होत्या.

"मी अतुल. कान्ह्याचा."

सूप तसंच टाकून त्या उठल्या. "आगं बाई! तुमीच का? या, आत या. तुमच्यामुळं पोरगं गावलं आमचं."

"मावशी, आबा कुठं आहेत? त्यांच्याशी बोलायचंय."

बयाबाईंनी आतल्या भिंतीकडे मान वळवली. तिथं अंबाजींचा फोटो होता, हार घातलेला.

"श्रावणात गेलं. छातीत कळ आली आन संपलं."

"पण परवाच तर..." अतुलनं जीभ चावली.

त्यांचं लक्ष नव्हतं. "दहाव्याला धरणाकाठी पिंड ठिवला. कावळं झाडावर बसल्यालं, पर एकबी खाली येईना. पुतण्या म्हनला, जमीन इकनार न्हाई. भाऊ म्हनला, बयाला संबाळतो. तरी शिवंना. ऊन डोक्यावर आलं. मग मीच फुडं झाले. म्हनलं, धनी, तुमी गेल्याचं निलूला कळू देनार न्हाई. तुमच्या नावानं मीच लिवत जाईन त्याला. आसं म्हनले मातर, लगी शिवला बगा."

घोकलेलं वाक्य अतुलच्या ओठांशी आलं होतं.

"मावशी, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. निलेश..."

"व्हय, त्याचंच म्हनते मी." बयाबाईंनी त्याचे दोन्ही हात धरले. "कंदी तुमच्याशी बोलला, तर ह्यातलं काय बी सांगू नगा त्याला. एकलं पोर हाय, बाप गेल्याचं कळलं तर तितं कुनाच्या गळ्यात पडून रडंल?"