मालनमामा

"अहो, इथं बायांना 'मामा' म्हणतात! भाजीवाला मला मालनमामा म्हणून हाक मारतो," मालनबाई फोनवर हसत होती.

नाशिक रोडच्या घरात एकटा पोहे परतणारा नाथाही हसला. याच बाईनं नैरोबीत उतरल्यावर रडून घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीचं, सुवर्णाचं बाळंतपण करायला गेलेली. जिन्यावरून खाली उतरायचीसुद्धा भीती. रोज एकच धोशा, "मला न्यायला या."

नातू झाला, मग बाजारहाट मालनबाईवर आला. तिथून तिचं बोलणंच बदललं.

"काय शहर आहे हो! आपल्या दिवाळीतल्यासारखी गार हवा. रस्त्यानं जांभळ्या फुलांची झाडं. मटाटू म्हणून गाड्या आहेत, बाहेरून चित्रं रंगवलेली, आत मोठ्यानं गाणी. वरातच जणू! परवा मी भलत्याच ठिकाणी उतरले. एका पोरीनं हात धरून घरापर्यंत आणून सोडलं. ओळख ना पाळख!"

इमारतीखाली मुथोनी नावाच्या विधवेची खानावळ होती. तिथं मालनबाई दुपारी थालीपिठं लावू लागली. "भाषा येत नाही, पण आमचं भांडणसुद्धा व्यवस्थित होतं. थालीपिठाला माणसं थांबून राहतात हो!"

"आणि सुवर्णा? जावईबापू?"

"बरी आहेत," मालनबाई जरा थांबून म्हणायची. मग पुन्हा बाजाराचं सुरू.

नाथाला तिचं कौतुक वाटे. परक्या मुलखात लेकीला करमावं म्हणून ही एवढं गोड बोलते, हे त्यानं ओळखलं होतं. शेजारच्या लहानूला तो म्हणाला, "मन मोठं आहे हिचं. स्वतः झुरत असेल, पण कळू देत नाही."

एक दिवस सुवर्णाचा फोन आला. "बाबा, रविवारी पोचतोय आम्ही."

नाथानं घर धुऊन काढलं. मालनला आवडते म्हणून शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. जमली नाही, पुन्हा केली. नवा शर्ट घालून तो फाटकाशी उभा राहिला.

टॅक्सी थांबली. जावई उतरला. बाळाला घेऊन सुवर्णा उतरली. टपावरून सामान निघालं, ते निघतच राहिलं. सगळा संसारच होता. नाथानं वाकून गाडीत पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

"आई कुठंय?"

सुवर्णानं बाळ त्याच्या हातात दिलं. "बाबा, आम्हाला नाही जमलं तिथं. कायमचे परत आलो." तिनं मान खाली घातली. "आईला खूप विनवलं. ती येत नाही म्हणाली. मुथोनीनं तिला खानावळीत भागीदार केलंय."

बाळानं नाथाच्या नव्या शर्टाची कॉलर मुठीत धरली.

"पासपोर्ट काढायला कुठं जावं लागतं गं?" त्यानं विचारलं.