अभद्र प्रश्न

अंजूरच्या हिरामणने जपलेलं मासेमारीचं जाळं शेजाऱ्याला देऊन टाकलं, तेव्हा हौसाच्या काळजात धस्स झालं. महिनाभर नवरा धड जेवला नव्हता, झोपला नव्हता, बोलला नव्हता. भगताचे अंगारे लावून झाले होते. तिने लगेच त्याला दवाखान्यात न्यायला रिक्षा केली. धामणकर नाक्यावर गाड्या अडकल्या, तसा तो उतरू लागला, म्हणाला, "मना काय झालंय? घरी चल." हौसाने त्याचं मनगट सोडलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" असलं विचारणं हौसाला अभद्र वाटलं. हिरामण पुटपुटला, "रोज वाटतं." बाई म्हणाल्या, "हा आजार आहे, बरा होतो. गोळ्यांचा गुण दोन-तीन आठवड्यांनी दिसेल. तोवर यांना एकटं सोडू नका." बाहेर आल्यावर हौसाच भिंतीचा आधार घेऊन थांबली. तिला बाकावर बसवत हिरामण म्हणाला, "तू इचारलं असतंस, तर तुलापन सांगितलं असतं."