बुजगावण्याच्या हातावर कोतवाल

वालाला शेंगा धरल्या आणि निडी गावच्या काळुरामला त्यांवर हिरव्या अळ्या दिसल्या. औषध मारायला त्याने पंप पाठीला लावला, तशी त्याची बायको सगुणा आडवी आली. "रविवारी आपली दिशा रोह्यावरनं सासरची माणसं घेऊन पोपटी खायला येतेय. औषध मारलेल्या शेंगा मडक्यात भाजू काय?" काळुराम आधीच वैतागला होता. पेरणीच्या वेळी होल्यांनी दाणे टिपू नयेत म्हणून त्याने पोराचा कंपनीचा जुना शर्ट चढवून बुजगावणं उभं केलं होतं, आणि त्याच्याच पसरलेल्या हातावर काळा कोतवाल पक्षी ऐटीत बसला होता. "याला कोण भीतच नाय. उपटून टाकतो." तो पुढे जाणार तोच कोतवाल खाली झेपावला, अळी उचलून परत त्याच हातावर बसला, ती आपटून गिळली आणि पुन्हा झेपावला. सगुणा वाकून शेंगा चाचपू लागली. बुजगावण्याभोवतीच्या शेंगा टपोऱ्या होत्या. भोकं पडलेल्या सगळ्या पलीकडच्या टोकाला, जिथे पाखराला बसायला काहीच नव्हतं. "उपटू नका. तिकडं आणखी एक उभं करा." काळुरामने पंप उतरवला, त्या टोकाला दोन काठ्या बांधल्या, जरा मागे सरून पाहिलं आणि अंगातला शर्ट काढून चढवला. "अवो, पाखराला बसायला काठी पुरते. शर्ट कशाला?" "तो शर्टात नि हा उघडा? बरं नाय दिसत गो," म्हणत काळुराम बनियनवर घराकडे निघाला. तो बांध ओलांडतोय तोच कोतवाल त्याच्या शर्टाच्या खांद्यावर येऊन बसला.