मालकाला परत

कोर्टात मी जप्त वस्तूंची खोली सांभाळायची, तेव्हाची गोष्ट. ज्या चामडी पट्ट्याने बायकोला फोडून काढलं, तोच घ्यायला नवरा आला होता. साक्षीदार उलटले आणि तो निर्दोष सुटला. हुकूम स्पष्ट होता: वस्तू मालकाला परत. तो वकिलाशी बोलत होता, तेवढ्यात नांदायला परतलेली बायको खिडकीशी आली. "ताई, हरवला म्हणून सांगा ना." "नोकरी जाईल गं माझी," मी म्हणाले. त्याने ऐटीत सही ठोकली, पट्टा वाकवून पाहिला. "दोन वर्षं सरकारी पाहुणचार झोडला याने, पण तेलाचं बोट लावलं नाही कुणी! कडक झालाय की हो, बाई!" आता माझे गुडघे गेले, नजर गेली, तो दिवस काही जात नाही. ती समोर उभी असताना, त्याच्या पट्ट्याची आबाळ झाली म्हणून, मी त्याची माफी मागितली.