गाडीची उजवी बाजू

"गाड्या नाई बनवत मी, भाऊ. जहाजंच बनवतो," म्हणत कोलूने जीपचा फोटो परत पुढे सरकवला.

हरिदासने तो घेतला नाही. अहेरीपासून एसटीत नकली पाय सांभाळत गडचिरोलीपर्यंत आलेला माणूस असा सहजासहजी माघारी फिरत नसतो.

कोलूचं दुकान मोबाईल दुरुस्तीचं, पण लोक रेंगाळायचे ते काचेच्या कपाटापाशी. प्लास्टिकच्या किटमधून जोडलेल्या लढाऊ नौका तिथे रांगेने उभ्या होत्या. पाणबुडी होती, विमानवाहू होती, काडीएवढ्या तोफा होत्या. भामरागडकडच्या या माणसाने समुद्र जन्मात पाहिला नव्हता. हरिदासला त्याचं भारी कौतुक वाटलं.

"काऊन नाई बनवत गाड्या?"

"जहाजाले रस्ता लागत नाई," कोलू म्हणाला.

कारागीर लोक जरा लहरीच, असं मनाशी म्हणत हरिदासने खुर्ची पुढे ओढली आणि आपली गोष्ट सांगायला घेतली. ही गोष्ट तो कुणालाही सांगायचा. ऐकणाऱ्याला कान असले की पुरे.

तो पोलिसांच्या गाडीवर ड्रायव्हर होता. फोटोतली हीच जीप. जंगलात एका वळणावर सुरुंग फुटला, डिझेलची टाकी फुटून गाडी क्षणात पेटली. पवन आणि लच्छू हे दोन साथीदार जागीच गेले. सुरुंगाची वायर उजवीकडच्या बांबूत गेलेली नंतर सापडली, माणसं सापडली नाहीत. हरिदास शुद्धीवर आला तो दवाखान्यात. कुणीतरी त्याला आगीतून ओढून काढलं होतं, मांडीला लुंगीची पट्टी आवळून बांधली होती आणि बैलगाडीच्या वाटेवर आणून ठेवलं होतं. ती गाठ नसती तर पायाबरोबर माणूसही गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

"कोण होता, काई पत्ता नाई," हरिदास म्हणाला. "गावोगाव विचारलं. आमची साधना म्हणते, आता सोडा. कसं सोडू? ज्यानं जीव देल्ला त्याले मी साधं पाणी बी नाई विचारलं."

कोलू हातातल्या मोबाईलकडे बघत होता.

"सापडला तर काय करान?"

"पाय धरीन त्याचे. दुसरं काय!"

कोलूने मोबाईल बाजूला ठेवला. मग त्याने फोटो पुन्हा उचलला.

"याच्यात डावीच बाजू दिसते."

"उजवी बी तशीच. पवन-लच्छूच्या फोटोपाशी ठेवाची हाये गाडी. करून दे, बावा."

गोष्ट सांगताना हरिदास एकच गोष्ट नेहमी गाळायचा. त्या दिवशी डिझेलच्या टाकीचं झाकण वाटेत कुठेतरी पडलं होतं. पाणी प्यायला नाल्यावर थांबले तेव्हा पवनच्या ते लक्षात आलं आणि त्याने हरिदासची यथेच्छ टिंगल केली. हरिदासने काच पुसायचं पिवळं फडकं टाकीच्या तोंडात कोंबलं आणि गाडी हाणली. सुरुंग पुढच्याच वळणावर होता. पण ड्रायव्हर म्हणवणाऱ्याने झाकण हरवायचं म्हणजे काय! लाजेपायी त्याने हे चौकशीत सांगितलं नाही, साधनालाही नाही.

दिवाळी उरकल्यावर कोलूचा फोन आला. हरिदास साधनाला घेऊनच गेला.

टेबलावर ओंजळीत मावेल एवढी जीप उभी होती. परदेशी लष्कराच्या जीपचं किट आणून कोलूने तिचं नाक बदललं होतं, ताडपत्रीचं छत चढवलं होतं, चाकांवर लाल मुरमाची धूळ बसवली होती. डावीकडच्या दारावरचा पोचासुद्धा होता. साधनाने तोंडाला पदर लावला. हरिदासला वाटलं, आता पवन मागून डोकं काढेल आणि चहाला थांबव म्हणेल. त्याचे डोळे भरून आले.

त्याने कोलूचं भिंग उचललं आणि गाडी नाकापासून न्याहाळायला लागला. पुढच्या हुकाला ओढायचा दोर बांधला होता. दोर म्हणजे जाड दोराच, पण त्याची गाठ बघून हरिदासचा हात थांबला.

दोन वेढे, आणि टोक मागून आत खोचलेलं.

लुंगीची पट्टी दवाखान्यात कापली, तेव्हा गाठ तशीच राहिली होती. ती त्याच्या घरी देव्हाऱ्यात होती. रोज हात जोडताना तो ती पाहायचा. बाहेरच्या कुणाला ती कधी दाखवली नव्हती. साधनाने तशी गाठ मारायचा कितीदा प्रयत्न केला, पण तिला जमली नव्हती.

"साधना, हे पाह्य," एवढंच तो बोलू शकला.

तिने भिंगातून पाहिलं आणि गाठीला हात जोडले.

"कोलू," हरिदास म्हणाला, "तूच होय?"

कोलूने मान खाली घातली. नाही म्हणाला नाही.

हरिदास काठी टाकून वाकायला गेला. नकली पाय दुमडेना, तोल गेला. कोलूने त्याला वरच्यावर धरलं.

"नका, भाऊ. नका करू असं."

"काऊन नाई सांगितलं रे? मी इथी बसून तुलेच तुही गोष्ट सांगून राह्यलो होतो!" हरिदास हसत होता आणि रडतही होता. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं होतं. "चाल, घरी चाल. साधना तुले आपल्या हातानं वाढते."

साधनाने डोळे पुसत मान हलवली.

"आधी गाडी पुरी पाहून घ्या," कोलू म्हणाला. "फोटोत नोती ते बाजू राह्यली."

त्याने जीप दोन बोटांत धरली आणि हळूच फिरवली.

टाकीला झाकण नव्हतं. तिच्या तोंडात पिवळं फडकं कोंबलेलं होतं.

हरिदासचं फडकं तर टाकीबरोबरच जळून गेलं होतं. ते फडकं त्याच्याखेरीज फक्त पवन आणि लच्छूने पाहिलं होतं, आणि पाहिलं असेल तर त्या माणसाने, जो सुरुंगाची वायर हातात धरून उजवीकडच्या बांबूत गाडीची वाट बघत बसला होता.